आत कोणी आहे

अकरा वाजून दहा मिनिटांनी ती खोलीशी पोचली तर पाटी लाल. ‘आत कोणी आहे.’ आता गंमत अशी, की त्या ऑफिसात माणसं एकशेबारा, त्यांत बायका एकोणचाळीस, आणि त्या एकोणचाळिसांत अंगावर पाजणारी आई फक्त एक. आणि ती एक तर बाहेर उभी होती, खांद्याला पंपाची पिशवी अडकवून, छातीत कुणी ओल्या मातीचे दोन गोळे भरून ठेवल्यासारखी. तिने हँडल दाबून बघितलं. कुलूप पडलेलं होतं. एखादी दमली असेल, डोकं दुखत असेल, बसली असेल जरा, असं तिने स्वतःला समजावलं. वाजवावं म्हणून हात उचललाही. पण वाजवायच्या आधी तिने दाराला कान लावला. आतून टुक, टुक, टुक असा आवाज आला. मग जरा थांबला, आणि मग परत टुक. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तो आवाज तिने स्वतः, पिशवीत घालून, घरून आणला होता.

ही खोली तिच्यामुळेच झाली होती, म्हणजे तिच्या एका अर्जामुळे. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने लिहून दिलं होतं की कायद्याप्रमाणे बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला रोज दोन वेळा सुट्टी मिळते, पगार न कापता, आणि बसायला आडोशाची जागाही मिळायला पाहिजे. अर्ज नवऱ्याने वाचला, सासूबाईंनी ऐकला, आणि दोघांनीही ‘बघ बाई’ एवढंच म्हटलं. ऑफिसात तो गेला नोकरभरती बघणाऱ्या मॅडमकडे. त्यांना सगळे हसऱ्या मॅडम म्हणायचे. नोकरी गेल्याची बातमीसुद्धा त्या अशी द्यायच्या की माणूस ‘थँक्यू मॅडम’ म्हणून बाहेर यायचा आणि जिन्यात त्याला कळायचं काय झालं ते. मॅडमनी अर्ज वाचला, हसल्या, आणि पंधरा दिवसांत जुन्या फायली आणि मेलेलं झेरॉक्स मशीन बाहेर काढून तिथे आईची खोली झाली. मोठ्या साहेबांनी फीत कापली. आईपण हीसुद्धा एक शिफ्टच आहे असं ते म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले. फोटोत मूल पाहिजे होतं, मूल कुणी आणलं नव्हतं, तेव्हा साहेबांनी तिची रिकामी दुधाची बाटलीच हातात घेतली आणि करंडक जिंकल्यासारखी उंच धरली. फोटोत ती कडेला आहे. तिचा अर्धा चेहरा कुंडीतल्या झाडामागे गेलाय.

खोलीत एक खुर्ची, एक टेबल, एक आरसा (आरसा कशासाठी, हे कुणालाच सांगता आलं नाही) आणि छतात एक पांढरी डबी. डबीकडे बोट दाखवून वायरमन म्हणाला होता, ताई, या खोलीला अक्कल बसवलीय. आत काही हललं की दिवा लागतो, बाहेर पाटी लाल होते आणि दाराला आपोआप कुलूप बसतं. पाच मिनिटं काही हललं नाही की दिवा बंद, पाटी हिरवी, कुलूप उघडं, आणि वरच्या कॉम्प्युटरवर नोंद होते, ‘रिकामी’. ही सोय खरं तर गोदामासाठी असते, असंही तो सांगून गेला. बटणं नाहीत, काही नाही, तुम्ही फक्त हालत राहायचं. आणि तिथेच सगळी मेख होती. कारण दूध हालचालीवर येत नाही. दूध कसं येतं हे तिला तरी कुठे माहीत होतं आधी. खांदे खाली सोडावे लागतात, जबडा सैल सोडावा लागतो, डोळे मिटून छोटीचा, म्हणजे घरात सगळे जिला मुंगी म्हणतात तिचा, तो टाळूचा वास आठवावा लागतो, आणि आपण ऑफिसात आहोत हे अंगाला विसरू द्यावं लागतं. अंग विसरलं की मग काखेपासून बारीक सुया टोचत पुढे येतात आणि पाझर सुटतो. तर पहिल्या दिवशी अंग विसरलं, सुया टोचल्या, पाझर सुटला, आणि दिवा गेला. आणि अंधारात दाराचं कुलूप कट् करून उघडलं. ती जी दचकली ती उरलेला दिवस तिच्या पाठीत कुणीतरी बर्फाची काडी ठेवल्यासारखी बसून होती. दुसऱ्या आठवड्यात सफाईवाले मामा बादली-पोछा घेऊन सरळ आतच आले. तिच्यापेक्षा तेच जास्त घाबरले, बादली तिथेच टाकून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि भिंतीला म्हणाले, पाटी तर रिकामी म्हणतेय, बाई.

तिचं काम होतं अडकलेल्या माणसांशी बोलायचं. कंपनी लिफ्टची दुरुस्ती बघायची. शहरात कुठेही लिफ्ट बंद पडली आणि आतल्या माणसाने लाल बटण दाबलं की त्याचा आवाज तिच्या कानात यायचा. समोर एक पुठ्ठ्याचं कार्ड चिकटवलेलं होतं, ‘घाबरू नका. आत हवा भरपूर आहे. आमचा माणूस निघालाय.’ निघालेला माणूस बऱ्याचदा खाली टपरीवर चहा पीत असायचा, पण कार्डावर निघालेला असायचा. शेजारच्या फोनवर काका बसायचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. ते म्हणायचे, आपला धंदा म्हणजे खोटं बोलून जीव वाचवायचा, डॉक्टर आणि आपण, बस दोघेच. एकदा एक म्हातारा अडकला होता. तिच्या स्क्रीनवर ती लिफ्ट हिरवी दिसत होती, ‘चालू’. तिने मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला, चालू तर दिसतेय, मग कोण अडकणार? तिने त्याला समजावलं, शिव्या दिल्या, हात जोडले, तरी जायला त्याने दोन तास लावले. त्या दोन तासांत म्हातारा आधी रागावला, मग सुनेच्या गोष्टी सांगत बसला. बऱ्याच वेळाने अगदी हळू आवाजात त्याने विचारलं होतं, ‘बाई, मी इथे आहे, हे तुम्हाला तिथे दिसतंय ना?’ तिने कार्डाकडे बघितलं. कार्डावर याचं उत्तर नव्हतं. ती म्हणाली, हो, दिसतंय. समोर हिरवा ठिपका लुकलुकत होता.

महिना संपला आणि हसऱ्या मॅडमनी तिला बोलावून एक कागद पुढे सरकवला. कागदावर दोन रकाने. एकात तिच्या टेबलावरची गैरहजेरी, रोज दोनदा, चाळीस-चाळीस मिनिटं. दुसऱ्यात खोलीचा वापर, दर वेळी नऊ मिनिटं, आणि एका दिवशी तर सहा. मॅडम हसल्या. तुझ्यावर विश्वास आहेच ग, म्हणाल्या, पण कॉम्प्युटरला काय सांगू? ‘उरलेला अर्धाअर्धा तास तू असतेस तरी कुठे?’ ती म्हणाली, आतच असते. मॅडम म्हणाल्या, पण आत तर कोणी नव्हतं. वापर असाच राहिला तर खोली हिशेबवाल्यांच्या फायलींना द्यावी लागेल, आणि सुट्ट्यांचाही ‘परत विचार’ होईल, असं मॅडमनी आईस्क्रीम कुठलं घेणार असं विचारावं तसं सांगितलं. थँक्यू मॅडम, म्हणून ती बाहेर आली. जिन्यात तिला कळलं काय झालं ते. मुंगी सात महिन्यांची होती आणि पावडरच्या दुधाला तोंड लावत नव्हती. सासूबाईंनी वाटीने बघितलं, चमच्याने बघितलं, गाणं म्हणून बघितलं. पोरगी ओठ असे मिटायची की चिमट्याने उघडणार नाहीत. दिवसभर ती आदल्या दिवशीच्या बाटलीवर असायची, ती संपली की उपाशी, संध्याकाळी आईचं दार वाजेपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी वजनाच्या कागदावर बोट ठेवून म्हटलं होतं, ही रेघ वर जायला पाहिजे, आडवी नाही. आडव्या रेघेला पुढे काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण रात्री मांडीवरची पोर उचलताना तिला प्रत्येक वेळी वाटायचं, कालच्यापेक्षा हलकी आहे का ही?

मग तिने हालायला सुरुवात केली. छातीला लावलेला बॅटरीचा पंप आणि डावा हात हवेत, पाहुण्यांची गाडी सुटल्यावर हलवतात तसा. चाळीस मिनिटं ती कुणालातरी टाटा करत बसायची. समोरच्या आरशात एक बाई तिला टाटा करायची. दिवा लागलेला राहिला, पाटी लाल राहिली, आणि दूध आटलं. अंगाला फसवता येत नाही. हात टाटा करतोय म्हणजे लेकरू कुठेतरी चाललंय, असं अंगाला वाटत असेल, मग दूध कशाला? बाटलीत आधी दूध खांद्यापर्यंत यायचं, ते बुडाशी आलं. ‘बाई, बाटलीत काय डोळे धुवायला आणलंस?’ सासूबाई म्हणाल्या, आणि मग पोरीला थोपटायला लागल्या, कारण पोर झोपेतही ओठ हलवत होती. काकांनी दोन दिवस तिचा चेहरा बघितला, मग हेडफोन कानावरून सरकवून म्हणाले, ‘अगं वेडे, तू हाललं पाहिजेस असं कुणी सांगितलं? खोलीत काहीतरी हाललं पाहिजे, एवढंच तर आहे.’ हे इतकं साधं होतं की तिला आधी हसू आलं आणि मग फोनवर अडकलेल्या माणसाला ती चुकून म्हणाली, निघालंय, बदक निघालंय.

बदक मुंगीचं होतं, पिवळं, बॅटरीवर चालणारं. चार पावलं जायचं, भिंतीला टुक करून आपटायचं, जरा विचार केल्यासारखं थांबायचं, वळायचं आणि परत चालू लागायचं. खुर्चीच्या पायात अडकलं की उलटं पडून पाय झाडायचं, तेव्हा मुंगी खदखदा हसायची. आता ते दिवसातून दोनदा कामावर जाऊ लागलं. ती खुर्चीत डोळे मिटून बसायची, बदक तिच्या वतीने खोलीभर हिंडायचं, वरची डबी बदकाला आई समजायची, आणि दूध आलं. खांद्यापर्यंत आलं, गळ्यापर्यंत आलं. रकाना जुळला. चाळीसला चाळीस. तीन आठवडे असे गेले की तिला वाटलं, बास, जमलं. डॉक्टरीणबाईंची रेघ वर वळली. जमलं असं वाटलं की काहीतरी होतं, हा तिचा जन्मभराचा अनुभव. एका संध्याकाळी ती खोलीत बसलेली असताना तिचा फोन वाजला, काकांना एकट्याला झेपत नव्हतं, एका इमारतीत तीन लिफ्ट एकदम बंद पडल्या होत्या. ती उठून पळाली. बदक आतच राहिलं, चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी बोलावलं. रकान्यात आकडा होता, सोळा तास. काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत आईची खोली एकसारखी वापरात. आता विचारतील, रात्रभर आत कोण होतं? आता आपल्याला सांगावं लागणार, खोटा वापर आपण दाखवला, रोज. पण मॅडमनी काहीच विचारलं नाही. त्या आकड्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसं बघत राहिल्या. म्हणाल्या, छान. असंच चालू दे. आणि हसल्या. त्या हसण्याने ती दोन रात्री नीट झोपली नाही. ओरडल्या असत्या तर झोपली असती. बॅटरी संपून आत पडलेलं बदक तिने त्याच सकाळी उचलून, नवी बॅटरी घालून, टेबलाच्या खणात ठेवलं होतं. आणि काल दुपारी खण उघडला तर ते नव्हतं. घरी राहिलं असेल, असं म्हणून ती काल टाटा करत बसली. घरीही नव्हतं.

टुक, टुक. दारामागे ते आत्ता डावीकडच्या भिंतीशी होतं. तिने हलकेच दार वाजवलं, आणि स्वतःलाच वेड्यात काढलं. बदक काय दार उघडणार? घड्याळात सव्वाअकरा. छातीत ठणका लागला होता, आणि मग, काही न विचारता, काही न सांगता, सुया टोचल्या. समोर टाटा नाही, वास नाही, नुसतं त्या टुकटुक आवाजाने, मुंगीच्या खेळण्याच्या आवाजाने, अंग फसलं आणि पाझर सुटला. कुर्त्यावर आधी एक ठिपका, मग नाण्याएवढा डाग, मग बशीएवढा. तिने पिशवी छातीशी धरली. आणि तिला एकदम आई आठवली, तिची आई, उन्हाळ्यात स्वेटर घालणारी. आई कापड तपासायच्या कारखान्यात होती. धाकटा भाऊ झाला तेव्हा ही आठ वर्षांची. मे महिन्याच्या उन्हात आई गळ्यापर्यंत बटणं लावलेला चॉकलेटी स्वेटर घालून कामावरून यायची आणि गल्लीतली पोरं ओरडायची, स्वेटरवाली आली, स्वेटरवाली आली. हीसुद्धा लाजेने दुसऱ्या फुटपाथवरून चालायची. एकदा तिने विचारलं होतं, आई, तुला थंडी वाजते का? आई म्हणाली होती, हो ग, आमच्याकडे पंखे फार आहेत. एवढ्या वर्षांनी, परक्या दारासमोर, तिला तो स्वेटर आतून दिसला, आंबट वासाचा, पुढून कडक झालेला. त्या कारखान्यात एकही पंखा नव्हता.

‘अगं, तू इथे काय करतेस?’ हसऱ्या मॅडम जिन्यातून वर आल्या, आज ठेवणीतल्या कपड्यांत, आवाज अगदी खाली आणून. तिने विचारलं, आत कोण आहे? मॅडमनी पाटीकडे बोट केलं. ‘लिहिलंय ना.’ मग तिच्या दंडाला हात लावून, मोठ्या बहिणीच्या मायेने, त्या म्हणाल्या, ‘आज एक दिवस बाथरूममध्ये उरकून घे ना, राणी. आज कामगार खात्याचे साहेब आईची खोली बघायला आलेत.’ ती हसली असती. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर काकांना सांगून दोघं पोट धरून हसली असती. पण जिन्यात बुटांचे आवाज होते, आणि मागून मोठे साहेब, आणि त्यांच्या पुढे एक बारीकसे इन्स्पेक्टर काखेत फाईल धरून वर येत होते. पाटी बघताच ते थबकले आणि देवळात शिरावं तसे चवड्यांवर चालू लागले. आत आहेत? त्यांनी ओठांनीच विचारलं. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. मोठे साहेबही चवड्यांवर आले. सगळी वरात श्वास धरून त्या दाराशी उभी राहिली, आणि आत बदक टुक टुक करत भिंतीला धडकत होतं. पाळणा का? इन्स्पेक्टरांनी कुजबुजत विचारलं. असंच काहीतरी, मॅडम म्हणाल्या. इन्स्पेक्टरांचा चेहरा मऊ झाला. त्यांनी चौदा ऑफिसं बघितली होती म्हणे, चौदांत खोल्या होत्या, पाट्या होत्या, पण आई कुठे सापडली नव्हती. दार वाजवायचा प्रश्नच नाही, ते म्हणाले, आईचा एकांत मोडणं नियमात बसत नाही. मॅडमनी वापराचा कागद पुढे केला आणि त्यांनी फाईल भिंतीला टेकवून त्यावर काहीतरी लिहिलं.

मग त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. या कोण? मॅडम म्हणाल्या, या लिफ्टच्या फोनवर असतात. इन्स्पेक्टरांनी तिच्याकडे बघितलं, पिशवीच्या कडेने पसरलेला डाग त्यांना दिसला असावा, त्यांनी सभ्यपणे नजर छताकडे वळवली. ‘पाणी सांडलं वाटतं,’ ते म्हणाले. सांगावं. आत्ता सांगावं, की साहेब, आई मी आहे, आत बदक आहे. पण बदक कुणाचं? तिचं. आणलं कुणी? तिने. तीन आठवडे चाळीसला चाळीस कुणी दाखवले? आपलेच दात, आपलेच ओठ. तिने तोंड उघडलं असतं तर खोली गेली असती, सुट्ट्या गेल्या असत्या, आणि वर खोट्या नोंदी केल्याचं पत्र, मॅडमच्या हसऱ्या सहीचं. आणि तोंड मिटून ठेवलं तर आज खोली बदकाची होती, उद्याही बदकाची राहील. बदकाला पगार नाही, रजा नाही, आणि ते अर्ज लिहीत नाही. कंपनीला याहून चांगली आई कुठून मिळणार? मोठे साहेब म्हणाले, चला, तोवर आग विझवायची सोय दाखवतो, आणि सगळे चवड्यांवर, पाळण्यातलं मूल उठेल अशा बेताने, कॉरिडॉरच्या पलीकडच्या टोकाला गेले. मॅडमनी जाता जाता वळून तिच्याकडे बघितलं आणि बाथरूमच्या दिशेने मान हलवली.

ती हालली नाही. बाथरूममध्ये उभ्याने पिळून टाकायचं आणि मोरीत सोडायचं, हे आईने केलं असणार, रोज, स्वेटर बाजूला टांगून. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आत टुक झालं, मग एक वेगळाच आवाज, प्लास्टिक घसरल्यासारखा, आणि मग घरघर, अडकलेली, दबलेली. तिने ओळखलं. खुर्चीच्या पायात गेलं, उलटं पडलं. घरी या वेळी मुंगी हसते. खुर्चीखालचं डबीला दिसत नसणार. तिने मनात मोजायला सुरुवात केली. एक मिनिट, दोन. तिकडे लांब साहेब लाल नळकांड्याजवळ हातवारे करत होते. तीन. घरघर मंद झाली. चार. पाच. कट्. पाटी हिरवी झाली. ‘रिकामी.’

ती आत शिरली, दिवा लागला, मागे कुलूप पडलं. बदक खुर्चीखाली आडवं होतं, एक पाय अजून हालत होता. तिने त्याला उचललं, पोटाचं बटण बंद केलं आणि टेबलावर आरशाकडे तोंड करून ठेवलं. मग बसली. पंप लावला. हात मांडीवर ठेवले. खांदे खाली सोडले, जबडा सोडला. डोळे मिटण्याआधी तिने एकदा वर डबीकडे बघितलं, एवढीशी पांढरी, पापणी नसलेली. मी इथे आहे, हे तिथे दिसतंय ना? मग मुंगीची टाळू आली, कोमट, जरा घामेजलेली. दूध येऊ लागलं, आधी थेंबाथेंबाने, मग धार. किती वेळ गेला कळलं नाही. पापण्यांच्या आतला उजेड गेला तेव्हा कळलं. दिवा बंद झाला होता. कट्, दाराने सांगितलं. नेहमीप्रमाणे पाठीत ती बर्फाची काडी उभी राहिली, पण दूध या वेळी थांबलं नाही, हेच नवल.

बाहेर पावलं परत येत होती, आता चवड्यांवर नाही, भराभर. ‘झाली बघा रिकामी,’ मॅडमचा आवाज. ‘या ना सर, आता आतूनही बघून घ्या.’ इन्स्पेक्टर जरा घुटमळले असावेत, वाजवायला नको का, असं काहीतरी म्हणाले. मॅडम हसल्या. तिला अंधारातही ते हसू दिसलं. ‘पाटी बघा ना, सर.’ एक हात वर केला असता तर पुरलं असतं. एकच हात, एवढासा. दिवा लागला असता, पाटी लाल झाली असती, कुलूप बसलं असतं, आणि ते सगळे परत ओठांवर बोट ठेवून, चवड्यांवर, निघून गेले असते. उजवा हात तिच्या मांडीवर, डाव्या हाताखाली होता. तिने तो तसाच दाबून धरला, उठेल म्हणून. बाटलीतला आवाज बदलला होता. भांडं भरत आलं की पाण्याचा आवाज जाड होतो तसा. ती अगदी स्थिर बसली. दाराचं हँडल खाली जाऊ लागलं.